नाव शेवटी : अनोळखी झाडाची ओळख पटवण्याची पद्धत

पावसाळ्यात आंबोली, माथेरान किंवा महाबळेश्वरच्या रस्त्याने जाताना कडेच्या झुडपांत पांढरे कागदाचे तुकडे अडकल्यासारखं काहीतरी दिसतं. जवळ गेलं की कळतं, तो कागद नाही. पांढरं, पानासारखं, शिरा असलेलं काहीतरी फांदीच्या टोकाशी लोंबत असतं आणि त्याच्याजवळ नारिंगी रंगाची छोटी, चांदणीसारखी फुलं असतात. सोबतच्या मंडळींचा पहिला प्रश्न ठरलेला असतो : हे काय आहे? मग कुणीतरी मोबाइल काढतं, फोटो घेतं आणि नाव वाचून दाखवतं. नाव मिळालं की सगळे पुढे निघतात.

झाडांचा अभ्यास करणाऱ्या माणसाचं काम नेमकं याच्या उलट क्रमाने चालतं. आधी बघायचं, मग लिहायचं, मग ते झाड कोणत्या घराण्यातलं हे ठरवायचं आणि नाव सगळ्यात शेवटी. ही पद्धत मी याच एका झुडपाला हाताशी धरून सांगणार आहे, कारण एका झाडाची ओळख नीट पटवली की पुढची दहा सोपी जातात.

आधी दोन कामं वेगळी करू. ओळख पटवणं म्हणजे मतदारयादीत नाव शोधणं. झाड समोर आहे, यादी आधीच तयार आहे, त्यातली नेमकी नोंद सापडली पाहिजे. वर्गीकरण म्हणजे वंशावळ मांडणं, म्हणजे कोण कुणाचा सख्खा, कोण चुलत आणि मूळ पुरुष कोण. दोन्ही कामं एकमेकांना धरून चालतात, पण ती एकच आहेत असं समजलं की गोंधळ होतो.

शब्दांबद्दलही इथेच सांगून ठेवते. मराठी पाठ्यपुस्तकांतली उतरंड अशी : सृष्टी, संघ, वर्ग, गण, कुल, प्रजाती, जाती. वनस्पतींच्या बाबतीत संघाऐवजी विभाग म्हणतात. सगळ्यात शेवटची पायरी जाती, तिच्या वरची प्रजाती. हिंदीत मात्र शेवटच्या पायरीला 'प्रजाति' म्हणतात. तिथून उचलून आपल्या बातम्यांमध्येही 'नवी प्रजाती सापडली' असं सर्रास छापलं जातं, तेव्हा सापडलेली असते बहुधा नवी जाती. या लेखात मी मराठी पाठ्यपुस्तकांचे शब्द वापरते आहे.

गावातलं नाव विचारा, पण तिथे थांबू नका

आपल्या झुडपाला कोकणात आणि घाटावर भूतकेस म्हणतात. गुरं चारणाऱ्या, जंगलातून औषधं आणणाऱ्या माणसांना झाडं आपल्यापेक्षा चांगली माहीत असतात, म्हणून स्थानिक नाव विचारलंच पाहिजे. ते वहीत लिहिताना गावाचं नावही लिहायचं, कारण दोन डोंगर ओलांडले की तेच झाड वेगळ्या नावाने भेटतं.

अडचण अशी की एकाच नावाखाली निरनिराळी झाडंही असतात. 'ब्राह्मी' हे त्याचं ठळक उदाहरण. कुणी ओलसर जागी जमिनीसरपट वाढणाऱ्या, गोलसर कातरलेल्या पानांच्या मंडूकपर्णीला ब्राह्मी म्हणतं, तर कुणी लहान मांसल पानांच्या, फिकट जांभळट-पांढऱ्या फुलांच्या बाकोपाला. त्या दोन वनस्पती एका कुळातल्यासुद्धा नाहीत. शंखपुष्पीचंही तसंच. त्या नावाने निदान तीन वेगळ्या वनस्पती वापरल्या जातात आणि त्यांतली एक आपला परसातला गोकर्ण आहे. औषध म्हणून पोटात जाणाऱ्या वनस्पतीच्या बाबतीत ही गोष्ट किरकोळ नाही.

सोबत काय घ्यायचं

दहापट मोठं दाखवणारं घडीचं भिंग, दाढीचं साधं ब्लेड, एक सुई, लहान मोजपट्टी, वही आणि पेन्सिल. पेनाची शाई पावसात पसरते, म्हणून पेन्सिलच. भिंग धरण्याची रीत बहुतेकांची चुकते. ते फुलावर धरून आपण वरून वाकून बघायचं नसतं. भिंग डोळ्याला जवळजवळ टेकवायचं, हात गालाला टेकवून स्थिर करायचा आणि फूल हळूहळू भिंगाजवळ आणायचं. एकदम सगळं लख्ख होतं. पहिल्यांदा असं बघणाऱ्याच्या तोंडून 'अरे!' निघतंच, आणि तो क्षण मला अजूनही फार आवडतो.

फूल बाजूला ठेवा, आधी फांदी बघा

नवशिक्याचा डोळा थेट फुलावर जातो. माझाही जायचा. बऱ्याच वर्षांपूर्वी मी एका झुडपाच्या फुलाचे समोरून काढलेले सुंदर फोटो घेऊन एका जाणत्या अभ्यासकांकडे गेले होते. त्यांनी सगळे फोटो शांतपणे पाहिले आणि एकच विचारलं, "देठाच्या बुडाशी काय होतं?" मला सांगता आलं नाही. ते म्हणाले, "मग परत जाऊन बघून या." मी परत गेले तेव्हा फुलं झडून गेली होती आणि त्या झाडासाठी मला पुढच्या पावसाळ्यापर्यंत थांबावं लागलं. तेव्हापासून मी फांदीपासून सुरुवात करते.

फांदीवर बघायच्या गोष्टी मोजक्या आहेत. पानं एकाआड एक आहेत, समोरासमोर आहेत की एका पेरावर तीन-चार मिळून आहेत? खोड गोल आहे की चौकोनी? पान तोडल्यावर चीक येतो का, आणि कोणत्या रंगाचा? चुरगळल्यावर वास येतो का? चिकाला हात लावल्यावर तोच हात डोळ्याला लावू नका. रुई आणि शेराचा चीक डोळ्याला इजा करतो.

पान कुठून कुठपर्यंत, हाही प्रश्न पडतो. कढीपत्त्याच्या एका काडीवर पंधरा-वीस 'पानं' असतात, पण ती पर्णिका आहेत आणि ती सगळी काडी मिळून एक पान आहे. ताडून बघायला बगलेतला कोंब शोधायचा. जिथे देठ खोडाला मिळतो तिथे, पानाच्या बगलेत कोंब असतो. पर्णिकेच्या बगलेत तो कधीच नसतो. घरातली कढीपत्त्याची फांदी घेऊन आजच बघता येईल.

आता भूतकेसाची फांदी हातात घेऊ. पानं समोरासमोर आहेत. चीक नाही. समोरासमोरच्या दोन पानांचे देठ जिथे खोडाला मिळतात, त्या दोन देठांच्या मधल्या जागेत एक छोटं, दोन टोकांत फाटलेलं टोकदार पातं आहे. तसंच पातं पलीकडच्या बाजूलाही आहे. याला उपपर्ण म्हणतात. उपपर्णं बऱ्याच झाडांना असतात, पण ती सहसा एकाच पानाच्या देठाला लागून असतात. समोरासमोरच्या दोन पानांच्या मधोमध, दोघांना सामायिक असं उपपर्ण दिसलं की जाणकाराचे कान टवकारतात. माझ्या अभ्यासकांनी देठाच्या बुडाशी काय होतं असं विचारलं, ते याचसाठी.

फूल उभं कापा

फुलाचा समोरून घेतलेला फोटो म्हणजे माणसाचा पासपोर्ट फोटो. चेहरा कळतो, बाकी काही कळत नाही. फूल देठापासून टोकापर्यंत ब्लेडने उभं चिरायचं आणि बाहेरून आत असं मोजत जायचं : निदल, पाकळ्या, पुंकेसर, बीजांडकोश.

आता ती पांढरी 'पाकळी' बघू. तिला देठ आहे, पानासारख्या जाळीदार शिरा आहेत आणि ती नारिंगी फुलाच्या बाहेरच्या बाजूने निघते. फुलाच्या बुडाशी पाच बारीक हिरवे दात दिसतात, ते निदल. नीट बघितलं तर एका गुच्छातल्या थोड्याच फुलांवर पाचांतला एक दात मोठा होऊन पांढरं पान झालेला असतो. म्हणजे लांबून डोळ्यांत भरणारी गोष्ट पाकळी नाहीच, ते निदलाचं एक दल आहे. खरी पाकळी म्हणजे ती नारिंगी चांदणी. पाच टोकं आणि खाली साधारण दोन-तीन सेंटीमीटर लांब नळी. नळी चिरली की तिच्या आतल्या भिंतीला पाच पुंकेसर चिकटलेले दिसतात आणि तोंडाशी पिवळ्या केसांची दाट लव असते.

अशी फसवणूक झाडं पुष्कळदा करतात. बोगनवेलीचा गुलाबी रंग फुलाचा नसून फुलाला वेढणाऱ्या छदांचा, म्हणजे रंगीत पानांचा असतो. सूर्यफुलाची प्रत्येक पिवळी 'पाकळी' हे एक स्वतंत्र फूल असतं. म्हणून रंगावर कधीही विसंबायचं नाही. कोणता भाग कुठून निघतो, हे बघायचं.

फुलातला सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न बीजांडकोशाचा. तो निदलाच्या वर आहे की खाली? हे शिकायला स्वयंपाकघर पुरतं. वांगं किंवा टोमॅटो घ्या. हिरवी टोपी देठाकडे आहे, म्हणजे निदल खाली आणि फळ झालेला बीजांडकोश त्याच्या वर. आता पेरू किंवा डाळिंब घ्या. मुकुट देठाच्या विरुद्ध टोकाला आहे, म्हणजे निदल वर आणि बीजांडकोश त्याच्या खाली. कोवळ्या काकडीच्या टोकाला वाळलेलं फूल चिकटलेलं असतं, तीही डाळिंबाच्याच गटातली. भूतकेसाचं फूल उभं चिरल्यावर निदलाच्या पाच दातांच्या खाली फुगीर हिरवा भाग दिसतो. तोच बीजांडकोश, म्हणजे तो खालचा.

आता हाच भाग आडवा कापा. भिंगाखाली दोन कप्पे आणि प्रत्येकात असंख्य बारीक दाणे, म्हणजे बीजांडं दिसतात. हे वहीत लिहून ठेवा, पुढे लागणार आहे. एका फुलावर भागवू नका. निदान पाच फुलं मोजा, कारण एखाद्या फुलाला चुकून चार किंवा सहा पाकळ्या असतात आणि नेमकं तेच आपल्या हाती लागतं.

घराणं ओळखायला शिका

जगात फुलझाडांच्या तीन लाखांहून जास्त जाती आहेत, पण कुळं चारशेच्या आसपास. त्यांतली पंधरा-वीस कुळं ओळखता आली तरी सह्याद्रीतल्या फेरफटक्यात भेटणाऱ्या झाडांपैकी पुष्कळांचं घराणं सांगता येतं. म्हणून सरळ जातीवर उडी न मारता आधी कुल ठरवायचं.

काही कुळांची खूण हाताला लगेच लागते. चौकोनी खोड, समोरासमोर पानं, चुरगळल्यावर वास आणि दोन ओठांचं फूल असेल तर तुळशीचं कुल. पुंकेसर एकत्र येऊन स्त्रीकेसराभोवती नळी झाली असेल तर जास्वंदीचं, ज्यात भेंडी, कापूस आणि पारोसा पिंपळही येतो. शेंग आणि फुलपाखरासारखं फूल असेल तर डाळींचं. गवत आणि लव्हाळा यांत गोंधळ होत असेल तर खोड बोटांत फिरवून बघा. गवताचं खोड गोल, पेरं असलेलं आणि बहुधा पोकळ असतं, लव्हाळ्याचं बहुतेक वेळा तिधारी आणि भरीव.

समोरासमोर पानं, मधल्या जागेत सामायिक उपपर्ण, नळीदार फूल आणि खालचा बीजांडकोश, हे चार एकत्र आले की ते कुल रुबिएसी. अनंत, कदंब, गेळा, बारतोंडी आणि कॉफी ही सगळी त्याच घरातली. घरात कुंडीत अनंत असेल तर त्याच्या कोवळ्या फांदीवर हे उपपर्ण शोधा, सापडेल.

किल्ली चालवायची कशी

कुल ओळखता येत नसेल तेव्हा आणि कुळाच्या आत प्रजाती-जाती ठरवताना किल्ली वापरतात. प्रत्येक पायरीवर दोन विधानं समोर ठेवलेली असतात. समोरच्या झाडाला जे लागू पडेल ते निवडायचं आणि त्याने दाखवलेल्या पायरीवर जायचं. नळीदार फुलांसाठी एक छोटी किल्ली करून दाखवते :

१ अ. बीजांडकोश निदलाच्या वर : तुळस, कारवी, रुई इत्यादींची कुळं
१ आ. बीजांडकोश निदलाच्या खाली : २ कडे जा

२ अ. पुष्कळ बारीक फुलं एकाच बैठकीवर गच्च बसून एक फूल असल्याचा भास : सूर्यफुलाचं कुल
२ आ. तसं नाही : ३ कडे जा

३ अ. वेल, ताणे आहेत, पानं एकाआड एक, नर आणि मादी फुलं वेगळी : काकडीचं कुल
३ आ. पानं समोरासमोर, दोन देठांच्या मध्ये उपपर्ण : रुबिएसी

ही शिकण्यापुरती किल्ली आहे. खऱ्या पुस्तकात हीच पायऱ्यांची साखळी कित्येक पानं चालते. ती चालवताना तीन गोष्टी कटाक्षाने पाळा. 'अ' पटलं तरी 'आ' वाचल्याशिवाय पुढे जाऊ नका, कारण फरक कशाबद्दल आहे हे दोन्ही वाचल्यावरच कळतं. प्रत्येक पायरीचा क्रमांक वहीत लिहा, म्हणजे चुकलं तर कुठे परतायचं ते समजेल. आणि खात्री नसेल तिथे अंदाज करण्याऐवजी दोन्ही वाटांनी जाऊन बघा. चुकीची वाट दोन-तीन पायऱ्यांत अशा विधानापाशी येते जे आपल्या झाडाला अजिबात लागू पडत नाही.

रुबिएसीच्या आत शिरल्यावर बीजांडकोशाच्या एका कप्प्यात एकच बीजांड की अनेक, हा प्रश्न लवकरच येतो. आपण आडवा छेद घेऊन ते आधीच बघितलंय : अनेक. इथे कॉफी बाद झाली, तिच्या कप्प्यात एकच असतं. म्हणून तर कॉफीच्या एका फळात दोनच बिया मिळतात. पुढे निदलाचं एक दल वाढून पानासारखं झालंय का, असा प्रश्न येतो आणि आपण म्युसेंडा या प्रजातीत पोहोचतो.

महाराष्ट्रासाठी थिओडोर कूक यांचा मुंबई इलाख्याच्या वनस्पतींवरचा १९०१ ते १९०८ या काळात निघालेला ग्रंथ अजूनही कामाला येतो. कूक पुण्याच्या विज्ञान महाविद्यालयाचे प्राचार्य होते. त्यानंतर भारतीय वनस्पती सर्वेक्षण संस्थेने १९९६ पासून महाराष्ट्राच्या वनस्पतींचे खंड काढले. आपल्या भागाचं पुस्तक वापरणं फार महत्त्वाचं, कारण परदेशी पुस्तकातली किल्ली तिथल्या झाडांपुरतीच खरी असते.

उत्तर मिळालं, आता ते तपासा

किल्लीने नाव दिलं म्हणजे काम झालं नाही. ते नाव आता फक्त एक दावा आहे. त्या जातीचं पूर्ण वर्णन काढायचं आणि आपल्या वहीतल्या नोंदी ओळीने लावून बघायच्या : उंची, पानाची लांबी, लव, फळ, फुलण्याचा हंगाम, कुठे आढळते. दहा गोष्टी जुळल्या आणि एक जुळली नाही, तर ती एकच गोष्ट पुन्हा बघायची. बऱ्याचदा तिथेच चूक सापडते.

शेवटचा ताळा वनस्पतिसंग्रहालयात. तिथे वाळवून चिकटवलेले नमुने कपाटांतून कुलवार रचलेले असतात. भारतीय वनस्पती सर्वेक्षण संस्था १८९० साली स्थापन झाली आणि तिचं पुण्यातलं पश्चिम विभागीय केंद्र १९५५ पासून आहे. पुण्यातच आघारकर संशोधन संस्थेचा संग्रह आहे आणि मुंबईत सेंट झेवियर्स कॉलेजमध्ये ब्लॅटर संग्रह. आधी पत्र पाठवून, परवानगी घेऊन आणि आपल्या नोंदी सोबत नेऊन गेलात तर एका दुपारी जे कळतं ते महिनाभर फोटो चाळून कळत नाही. एकाच जातीचे निरनिराळ्या गावांहून, निरनिराळ्या वर्षी आणलेले वीस नमुने एकापुढे एक ठेवले की पानाचा आकार किती बदलतो आणि काय मात्र मुळीच बदलत नाही, हे डोळ्यांना दिसतं.

भूतकेसाच्या बाबतीत ताळा करताना एक खाच लागते. जुन्या पुस्तकांत हे झुडूप म्युसेंडा फ्रोंडोसा म्हणून नोंदलेलं आहे, नंतरच्या बऱ्याच पुस्तकांत म्युसेंडा ग्लॅब्राटा म्हणून. अशा वेळी घाई करून एक नाव ठोकून देण्यापेक्षा वहीत 'म्युसेंडा, जाती तपासायची' असं लिहिणं जास्त शास्त्रीय आहे. प्रजातीपर्यंत खात्री आणि पुढे थांबा, हेही पूर्ण उत्तर आहे.

मोबाइलच्या ॲपबद्दल लोक विचारतात. मी ते वापरते, पण कुठे शोधायचं याची दिशा मिळवण्यापुरतं. फोटोत जे आलंच नाही ते ॲपला दिसत नाही. फोटो काढणारच असाल तर संपूर्ण झाड, पानाची दोन्ही अंगं, पेर जवळून, फूल समोरून आणि बाजूने, उभा छेद आणि मिळालं तर फळ, इतके काढा. प्रत्येकात मोजपट्टी ठेवा. मग जाणकार माणूसही त्यावर काही सांगू शकतो.

वंशावळीत जागा

आता मतदारयादीतून वंशावळीकडे. म्युसेंडा प्रजाती, रुबिएसी कुल, जेन्शिअनेल्स गण. नावाच्या शेपटीवरून पायरी कळते. वनस्पतींच्या कुळाचं नाव 'एसी'ने संपतं, गणाचं 'एल्स'ने. प्राण्यांच्या कुळाचं नाव 'इडी'ने संपतं, जसं मांजरांचं फेलिडी आणि कुत्र्यांचं कॅनिडी. रुई आणि कण्हेर यांचं कुलही जेन्शिअनेल्स गणातलंच, म्हणून भूतकेस आणि रुई चुलत-चुलत भावंडं. दोघांची पानं समोरासमोर आणि पाकळ्या जोडलेल्या, पण रुईला चीक आहे आणि तिचा बीजांडकोश निदलाच्या वर आहे.

जातीला दोन शब्दांचं नाव देण्याची रीत स्वीडनच्या कार्ल लिनियसने रुजवली. वनस्पतींच्या नावांची सुरुवात त्याच्या १७५३ च्या ग्रंथापासून धरतात, प्राण्यांच्या नावांची त्याच्याच दुसऱ्या एका ग्रंथाच्या १७५८ च्या आवृत्तीपासून. लिनियसने झाडांची विभागणी पुंकेसर आणि स्त्रीकेसर मोजून केली होती. शोधायला ती सोपी, पण नातं सांगणारी नव्हे. पुढे बेंथम आणि हूकर यांनी १८६२ ते १८८३ या काळात अनेक लक्षणं एकत्र धरून कुळं मांडली. भारतातल्या बऱ्याच संग्रहालयांतली कपाटं अजून त्याच क्रमाने आहेत. १९९८ पासून एक आंतरराष्ट्रीय गट डीएनएवरून ही वंशावळ नव्याने लिहितो आहे. त्यांची चौथी मांडणी २०१६ ची.

या नव्या मांडणीने आपल्या ओळखीच्या झाडांची घरं बदलली. साग निर्गुडीबरोबर एका जुन्या कुळात होता, तो तिच्यासकट तुळशीच्या कुळात आला. सावरीचं वेगळं कुल मोडून ती जास्वंदीच्या घरात गेली. रुई आणि कंदीलपुष्प कण्हेरीच्या कुळात मिसळले. जुनं पुस्तक आणि नवं पुस्तक वेगळं कुल सांगत असेल तर घाबरू नका, दोन्हींचं प्रकाशनवर्ष बघा. जुन्नर परिसरातल्या कड्यांवर वाढणाऱ्या शिंदळ माकुडीला वनस्पतिशास्त्रज्ञ डाल्झेल यांनी मुंबईचे गव्हर्नर बार्टल फ्रियर यांच्या नावावरून फ्रेरिया अशी स्वतंत्र प्रजाती दिली होती. पुढे तिला आधी कॅरालुमा आणि मग बुसेरोसिया या प्रजातींत हलवलं गेलं. कड्यावरची शिंदळ माकुडी तीच आहे, तिच्या नात्याबद्दलचं आपलं ज्ञान बदललं.

बाभळीची गोष्ट मात्र मनाला लागते. ॲकेशिया ही प्रचंड मोठी प्रजाती एका वंशाची नाही, हे डीएनएवरून स्पष्ट झालं, म्हणजे तिचे तुकडे करणं भाग होतं. मग मूळ नाव कोणत्या तुकड्याला राहणार? नियम असा की नाव वर्णनाला बांधलेलं नसतं, ते एका ठरावीक प्रमाण नमुन्याला बांधलेलं असतं. तो नमुना ज्या तुकड्यात जाईल, त्याला नाव मिळतं. ॲकेशियाची प्रमाण जाती होती आपली बाभूळ, म्हणजे नाव आपल्या बाजूला राहायला हवं होतं. पण ऑस्ट्रेलियातल्या तुकड्यात नऊशेहून जास्त जाती होत्या आणि त्या सगळ्यांची नावं बदलायची वेळ येऊ नये म्हणून २००५ साली व्हिएन्नात भरलेल्या आंतरराष्ट्रीय वनस्पतिशास्त्र परिषदेत प्रमाण जातीच बदलून ऑस्ट्रेलियाची केली गेली. आफ्रिका आणि भारतातल्या अभ्यासकांनी विरोध केला, २०११ ला मेलबर्नमध्ये पुन्हा वाद झाला, पण निर्णय कायम राहिला. बाभूळ आता व्हॅचेलिया निलोटिका आणि खैर सेनेगालिया कॅटेचू. मला हा निर्णय आजही रुचत नाही, पण वहीत मी नवं नावच लिहिते आणि शेजारी जुनं, कारण एकच नाव सगळ्यांनी वापरावं यासाठी तर हे नियम आहेत. सध्याचं मान्य नाव बघायला लंडनच्या क्यू उद्यानाचं ऑनलाइन कोठार खुलं आहे.

प्राण्यांच्या बाबतीत तत्त्व हेच, बघायच्या जागा वेगळ्या. बेडकांमध्ये आवाज, सापांमध्ये खवल्यांच्या ओळींची मोजणी, भुंगे आणि पतंगांमध्ये जननेंद्रियांची रचना. डीएनएचा एक ठरावीक तुकडा वाचून जाती ओळखण्याची बारकोडची पद्धत २००३ साली प्राण्यांसाठी मांडली गेली. त्यांच्यात सीओआय हा जनुक चालतो. वनस्पतींत तो पुरेसा बदलत नाही, म्हणून त्यांच्यासाठी २००९ मध्ये आरबीसीएल आणि मॅटके असे दोन ठरवले गेले. पण वाचलेला तुकडा कशाशी तरी ताडून बघावा लागतो आणि ते 'कशाशी तरी' म्हणजे पुन्हा कुणीतरी डोळ्यांनी नीट ओळखलेला, कपाटात ठेवलेला नमुना.

पुरावा ठेवा

नमुना घेण्याआधी जागा बघा. अभयारण्य, राष्ट्रीय उद्यान आणि कासच्या पठारासारख्या राखीव जागी परवानगीशिवाय काहीही तोडायचं नाही, तिथे फोटो आणि नोंदी पुरेत. बाहेरही एखादं झाड एकटंच असेल तर हात लावू नका. दहा दिसली तर एकाची एक फांदी. लहान रोपटी मुळासकट उपटणं आपल्यासारख्यांनी टाळावंच.

फांदीवर पान, फूल आणि जमल्यास फळ हवं. वर्तमानपत्राच्या घडीत पसरून ठेवा, एक पान उलटं करा म्हणजे खालची बाजूही दिसेल. वर वजन ठेवा आणि कागद रोज बदला, पावसाळ्यात दिवसातून दोनदा. ओला कागद तसाच राहिला की दोन दिवसांत बुरशी येते आणि सगळी मेहनत जाते. आठ-दहा दिवसांत कडक वाळलेली फांदी साधारण ४२ बाय २८ सेंटीमीटरच्या जाड कागदावर दोऱ्याने टाके घालून बसवा.

उजव्या कोपऱ्यात खाली चिठ्ठी : तारीख, गाव, तालुका, समुद्रसपाटीपासूनची उंची, जागेचं वर्णन, झाडाची उंची, स्थानिक नाव, गोळा करणाऱ्याचं नाव. वाळल्यावर जे नाहीसं होतं ते आवर्जून लिहा. भूतकेसाची नारिंगी चांदणी वाळून तपकिरी होते आणि पांढरं पान मळकट पिवळसर होतं. शंभर वर्षांनी तो कागद उघडणाऱ्याला ते रंग फक्त तुमच्या चिठ्ठीतून कळणार आहेत.

आणि शास्त्रीय नाव? ते वेगळ्या छोट्या चिठ्ठीवर, ज्याने ओळख पटवली त्याच्या नावासह आणि वर्षासह. पुढे दुसऱ्या कुणाला ती ओळख चुकीची वाटली तर तो जुनी चिठ्ठी काढत नाही, तिच्या वरच्या मोकळ्या जागेत आपली नवी चिकटवतो. म्हणून कागदावर फांदी बसवताना उजवीकडे, मुख्य चिठ्ठीच्या वर, चार बोटं जागा मोकळी सोडा.